नंबरची विहीर

आमच्या अंगणातल्या विहिरीला सरकारने नंबर दिला, तेव्हा मी त्या घरात आले नव्हते. तरी तो कसा मिळाला हे मला तोंडपाठ आहे. मामाजी, म्हणजे माझे सासरे, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ते सांगत. पाण्याच्या खात्याचा एक माणूस चिमूरकडून सायकलीने आला, गावातल्या साऱ्या विहिरींत वाकून वाकून पाहिलं, आणि शेवटी आमच्याच विहिरीच्या कठड्यावर पिवळा रंग फासून काळ्या आकड्यांत नंबर टाकला. वर्षातून तीन-चारदा येऊन तो तिचं पाणी किती खोल गेलं ते मोजणार, आणि त्यावरून आजूबाजूच्या गावांत जमिनीच्या पोटात पाणी किती उरलं याचा अंदाज वरच्या हापिसात बांधणार. "साऱ्या इलाख्याची नाडी सरकार आपल्या इहिरीवर पाह्यते," मामाजी म्हणत, आणि म्हणताना मिशीवरून हात फिरवत. गावात तिला नंबरची विहीर म्हणू लागले.

त्या मिशीवरच्या हाताची थट्टा मी खूप केली आहे, पण त्यामागे काय होतं ते आधी सांगते. मामाजी लहान होते तेव्हा आमच्या लोकांना गावच्या विहिरीवर चढता येत नसे. खाली उभं राहायचं, आणि कोणाला दया आली तर त्याने वरून भांड्यात पाणी ओतायचं. दया यायला कधी कधी दुपार व्हायची. दीक्षा घेतल्यावर मोहल्ल्यातल्या माणसांनी ठरवलं, आता कोणाच्या पायरीखाली उभं राहायचं नाही. मामाजींनी आणि त्यांच्या भावांनी घरच्या अंगणात सब्बल-कुदळीने विहीर खणली. खडक लागला, तोही फोडला. त्या विहिरीवर सरकारचा नंबर पडला. हे सगळं मला कळत होतं. पण कळून काय करता, पाण्याचा पितळी गुंड तर माझ्या डोक्यावर होता!

मोजायचा नियम साधा होता. ज्या सकाळी मोजायचं, त्याच्या आधी रात्रभर विहिरीला कोणी हात लावायचा नाही. पाणी काढलं की पातळी खाली जाते, मग मोजमाप खोटं येतं. विहीर निवांत असली पाहिजे, एवढंच त्या माणसाने सांगितलं होतं. मामाजींनी ते ऐकलं आणि आपल्या पद्धतीने वाढवलं. रात्रभर निवांत राहिली तर बरी, मग आठवडाभर राहिली तर किती बरी! पाहुणा जेवायला येणार म्हणून आपण घर सारवतो ना, तसं त्यांचं चाले. ग्रामसेवक सांगून गेला की मोजणारा येतो आहे, की मामाजी चाकावरचा दोर सोडून घरात आणून ठेवत आणि मोहल्ल्यात आवाज देत, "इहीर बंद आहे गा! मोजनी होऊन राह्यली!"

पाऊस चांगला असला की याचा कोणाला त्रास नव्हता. मी लग्न होऊन आले ते ऐंशीनंतरचं एक वाईट वर्ष. पाऊस ऐन धान निसवायच्या वेळी पळून गेला. लोंब्या पोचट राहिल्या. दिवाळीनंतर गावच्या तलावात चिखल उरला आणि ढिवरांनी जाळी घरात टांगून ठेवली. होळीपर्यंत गावची मोठी विहीर आटली. आमच्या विहिरीत सकाळी थोडं पाणी येई, मोहल्ल्यातल्या बाया ते दिवस वर यायच्या आत उपसून नेत, आणि मग तळाचा गाळ दिसे. बाकीचं पाणी नदीवरून. नदी म्हणजे नुसती वाळू. वाळूत हाताने खड्डा करायचा, बाजूला बसायचं, आणि त्यात पाणी झिरपून यायची वाट पाहायची. त्याला झिरा म्हणतात. वाटीवाटीने गुंड भरायचा, डोक्यावर घ्यायचा, आणि उन्हातून घरी. जाता-येता पळसाचं एक झाड सोडलं तर सावली नाही.

विहीर बंद झाली की हे सगळं आमच्यावर यायचं. आमच्यावर म्हणजे माझ्यावर. आत्याबाईंचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेले. त्या खाटेवर बसून तोंडाने सगळं घर चालवत. आमचे हे ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला होते, पगार झाला की येत. आले की तिथल्या नळाचं वर्णन करत. बटण दाबल्यासारखं पाणी येतं, नळाखाली बसून आंघोळ करता येते. मी म्हटलं, "मग मलेबी घेऊन चला त्या नळाखाली." ते हसले. एका खोलीत चार माणसं राहतात, तुला कुठं ठेवू, म्हणाले. खरंच होतं ते. पण मला इतका राग आला की त्या दिवशी त्यांना आंघोळीला एक लोटा दिला. म्हटलं, बाकीची ऊर्जानगरला जाऊन करा.

तेव्हा मला दिवस गेले होते. आमच्यात पहिलं बाळंतपण माहेरी. हे काही कायद्याने लिहिलेलं नाही, पण पोरीला त्याच्याइतका दुसरा आधार नसतो. माझं माहेर वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीच्या अंगाला. तिथं नदीला उन्हाळ्यातही धार असते. माझी आई होती, ताक होतं, सावली होती. सातवा लागला की भाऊ न्यायला येणार, एवढ्या एका गोष्टीवर मी झिऱ्यावरचे दिवस काढत होते.

चैत्रात भाऊ आला. पिशवीत लाडू आणि माझ्यासाठी हिरवं लुगडं. मामाजींनी त्याला चहा दिला, त्याच्या घरची, शेतीची विचारपूस केली, आणि मग म्हणाले, "पोरगी नेली तर घरात पानी कोन आनन? हिची आत्या तर जाग्यावरून उठत नाई. पाऊस पडू द्या एक. मीच नेऊन पोचवतो."

"पन मामाजी, पाऊस पडेपर्यंत तर..." भावाने माझ्या पोटाकडे पाहिलं.

"अगा, आमच्या घरच्या बाया इथी बाळंत नाई झाल्या का? सारं होते."

सोयऱ्याच्या घरी जास्त बोलायची आमच्यात रीत नाही. भाऊ रात्री राहिला आणि पहाटे गेला. हिरवं लुगडं मी पेटीत टाकलं. आडोशाला जाऊन इतकी रडले की डोळे सुजले. आत्याबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "रडू नको वं. रडशीन तर तेवढंच पानी जाईन." त्या अशाच होत्या. हसावं की चिडावं कळत नसे.

याच सुमारास सरपंच आमच्या ओसरीवर येऊन बसले. तहसिलात टँकर मागायला गेले होते, हात हलवत परत आले होते. तिथला साहेब म्हणाला, तुमच्या भागात पाण्याची एवढी ओरड कशाची? खात्याची मोजणी तर सांगते की विहिरीत पाणी आहे. होळीच्या आधी मोजलं तेव्हा चांगलं पुरुषभर पाणी दिसलं.

"हां, तवा होतं," मामाजी म्हणाले, आणि हात मिशीकडे गेला.

मी आत भाकऱ्या थापत होते. माझा हात थांबला. होळीच्या आधी मोजलं तेव्हा आठवडाभर विहीर बंद होती! आठवडाभर थेंब थेंब साठलेलं पाणी त्या माणसाने मोजलं होतं. साऱ्या मोहल्ल्याने नदीवर खेपा घालून ते विहिरीत साठू दिलं होतं, आणि आता तेच पाणी दाखवून सरकार म्हणत होतं, तुमच्याकडे पाणी आहे. आणि टँकर नाही म्हणजे मी नाही. टँकर आला असता तर मला माहेरी जाता आलं असतं. तव्यावरची भाकर करपली.

सरपंच गेल्यावर मी दाराआडून म्हटलं, "मामाजी, या खेपी इहीर बंद नका करू. रातभर पुरे म्हनला होता ना तो?"

मामाजींनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "बाई, ज्या इहिरीवर सरकारचा नंबर आहे, तिच्यात पानी नाई असं हापिसात लिहून जाईन? उद्या ते नंबर पुसून दुसऱ्याच्या इहिरीवर टाकतीन. कोनाच्या, ते तुले माहीत आहे." एवढं बोलून उठले. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला भांडता आलं असतं.

वैशाखात निरोप आला आणि विहीर बंद झाली. मला आता चालवत नव्हतं. पाय सुजून खांबासारखे झालेले, खाली पाहिलं तर पायच दिसत नसत. तरी रोज नदीवर जात होते. सोबतच्या बाया माझा गुंड अर्धाच भरू देत, घरी आलं की मामाजी म्हणत नसत काही, पण आत्याबाई गुंडात डोकावून पाहत. ह्या घरात मी कोंडले गेले आहे असं मला वाटे. दार उघडं, रस्ता समोर, बस चिमूरहून सुटते, आणि मी कुठंही जाऊ शकत नाही. अंगणात पाणी आणि त्याला हात लावता येत नाही. मोजणारा येणार होता त्या सकाळी मी उठले, गुंड पाहिला, आणि परत खाली बसले.

"नदीवर जात नाई आज," मी सांगून टाकलं. "इहीर उघडा, नाईतर उपाशी बसा."

आत्याबाईंनी डोळे मोठे केले. मामाजींनी ऐकलं न ऐकलंसं केलं. एका दिवसाचा प्रश्न आहे, मोजणारा सकाळी येईल, मोजून जाईल, मग दोर लावू, असा त्यांचा हिशेब असावा. घरात पाण्याचा घोट उरला नव्हता. माठ मी पालथा घालून ठेवला, म्हणजे कोणी विचारायलाही नको.

सकाळ गेली, मोजणारा आला नाही. सायकल वाटेत पंक्चर झाली होती, हे मागाहून कळलं. तो आला तेव्हा ऊन माथ्यावर होतं. सायकल ढकलत अंगणात आला, कडुनिंबाखाली टेकवू लागला, आणि सायकलीसकट खाली आला. चेहरा तांबडालाल, अंगाला घाम नाही. "ऊन लागलं गा याले!" आत्याबाई खाटेवरून ओरडल्या. "पानी आना, डोक्यावर टाका!"

पाणी कुठलं! मी शेजारणीला हाक मारली, ती नुकती नदीकडे निघालेली, तिच्याही घरी रिकामी भांडी. साऱ्या मोहल्ल्यात एक लोटा पाणी नव्हतं, आणि दहा पावलांवर विहीर भरलेली. मी मामाजींकडे पाहिलं. मामाजी त्या माणसाकडे पाहत होते. मग एकदम आत धावले, दोर काढून आणला, चाकावर टाकला, आणि बालटी खाली सोडली. त्या वयात ते ज्या वेगाने ओढत होते, तसं मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मी त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं, शेजारणीने कांदा फोडून नाकाशी धरला, आत्याबाईंनी खाटेवरूनच कैरी उकडायचा हुकूम सोडला. चाक करकरताना साऱ्या मोहल्ल्याने ऐकलं. विहीर उघडली! बाया गुंड घेऊन धावत आल्या. मामाजींच्या हातात दोर, समोर बेशुद्ध पाहुणा. नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी एकीला दोर दिला, तिने दुसरीला. ऊन उतरेपर्यंत विहीर तळाला लागली आणि बालटीत लाल गाळ येऊ लागला.

माणूस शुद्धीवर आला. पन्हं प्याला. कठड्याला धरून विहिरीत पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "आता काय मोजू मी? उपसलेली विहीर मोजणीत धरत नाही."

"काई हरकत नाई," मामाजी घाईने म्हणाले. "आठ-दहा दिवसांनी या. तवर इहीर आराम करन. मी दोर काढून ठेवतो."

"तसंच करावं लागेल," तो म्हणाला.

माझं डोकं तापलं. आठ-दहा दिवस म्हणजे परत नदी, परत साठवलेलं पाणी, परत तेच मोजमाप, आणि माझे दिवस तर भरत आले. आमच्यात सून सासऱ्यासमोर परक्या माणसाशी बोलत नाही. मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि बोलले.

"भाऊ, तुमचा नियम काय आहे? रातभर कोनी हात नाई लावला तर चालते ना?"

"चालते. रात्रभर पुरे."

"मग राहा आज इथीच. सकाळी मोजा. आमी आठवडा आठवडा इहीर बंद ठेवतो आनि तवा तुमी मोजता. ते पानी इहिरीचं नोहे, आमच्या पायाचं आहे. साऱ्या बाया नदीवर जातात म्हनून ते दिसते. एक दिवस आमी वापरतो तशी इहीर पाहा, मग लिहा काय लिहाचं ते."

शेजारणीने तोंडावर पदर धरला. तो माणूस मामाजींकडे पाहू लागला, मामाजी जमिनीकडे. पाहुण्याला, त्यातून उन्हाने पडलेल्या पाहुण्याला, या अवस्थेत सायकलीवर घाला असं आमच्या मामाजींच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं. "राहा," ते शेवटी म्हणाले. "जेवून झोपा. सकाळी पाहू."

सकाळी त्याने लोखंडी फितीच्या टोकाला खडू चोळला. फीत खाली सोडायची, खडू जिथवर भिजेल तिथवर पाणी. मोहल्ला जमला होता. फीत गेली, गेली, तळाला टेकल्याचा आवाज आला. वर ओढली. खडू जेमतेम चार बोटं भिजला होता, तोही गाळाने.

"आखीन एकदा टाका," मामाजी म्हणाले.

त्याने टाकली. तेच. मामाजींनी फितीचं टोक हातात घेतलं, बोटाने खडू पुसून पाहिला, आणि शेताकडे निघून गेले. मला वाटलं होतं मी जिंकेन तेव्हा मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलायचे थांबले. काही सांगायचं असलं की आत्याबाईंना सांगत, आणि आत्याबाई, "ऐकलं ना वं?" म्हणत.

पण टँकर आला! थोडे दिवस गेले आणि एका सकाळी धुरळा उडवत आला, मागे पोरं. साऱ्या गावात रस्ता सरळ पोचतो अशी आणि कठडा धड असलेली विहीर एकच, आमची. ड्रायव्हरने पाइप सोडला आणि टँकर तिच्यात रिकामा केला. मी भावाला निरोप धाडला, ये आता, मी सुटले. पेटीतून हिरवं लुगडं काढलं.

आणि मग गाव आलं. सारं गाव. ज्यांच्या आजोबांनी मामाजींच्या भांड्यात वरून पाणी ओतलं होतं, त्यांच्या सुना-लेकी आमच्या अंगणात गुंड घेऊन उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी जी मारामारी झाली! गुंड आपटले, एकीची बांगडी फुटली, अर्धं पाणी जमिनीवर. मामाजी मधे पडले तर बायांनी त्यांना ढकललं. मी ओसरीवरून पाहत होते. माझ्याने राहवलं नाही. उतरले, कठड्याला पाठ लावून उभी राहिले, आणि जो आवाज काढला तो गावाच्या टोकाला गेला असेल. "रांगेत या! मानशी एक गुंड! पुढं घुसन तिले आज पानी नाई!" बाया गप्प झाल्या. मोठ्या घरच्या एका बाईने माझ्यासमोर गुंड धरला, मी तो भरला. खोटं कशाला बोलू, मला आवडलं ते. आणि मामाजी माझ्याकडे पाहत होते, ते पाहणं मी विसरले नाही.

तिसऱ्या दिवशी भाऊ आला. मामाजींनी त्याला बसवलं, आणि माझ्याकडे पाहून, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, थेट मला म्हणाले, "बाई, तू गेली तर इथी कोन उभं राहीन? गडीमानसं कामावर. तुह्यासारखं तोंड या गावात दुसऱ्या कोनाचं नाई. आज सारं गाव आपल्या दारी आलं. कोनी रिकामं गेलं, कोनाचा गुंड फुटला, तर लोक काय म्हनतीन? यायले इहीर सांभाळता येत नाई, असंच ना?"

मी टँकर आणला, आणि टँकरनेच मला बांधून टाकलं. मला मोठ्याने हसू आलं. भाऊ घाबरला. मग माझ्या लक्षात आलं की मी रडते आहे. मी जाते म्हटलं असतं तर कोणी दोरीने बांधलं नसतं, पण बाहेर रांग लागली होती आणि पहिली बाई हाका मारत होती. मी भावाला म्हटलं, "आईले सांग, पाऊस पडला की येते." त्याने मान खाली घातली. तो गेला तेव्हा मी पाणी वाटत होते, त्याला निरोपही धड दिला नाही.

जेठ लागला. ढग आले, गेले. एके दिवशी टँकर आला नाही. कुठं बिघडला म्हणे. विहिरीत गाळ. सकाळपासून बाया रिकाम्या उभ्या, मी त्यांना समजावत कठड्याला टेकले होते, आणि तिथंच माझी कंबर धरली. कोणी ओरडलं, "अवं माय, हिचे दिवस भरले!" त्यांनीच मला उचलून आत नेलं. गावची दाई आली. माझ्या तोंडातून आईशिवाय शब्द निघत नव्हता. इतका राग आला होता मला, साऱ्यांचाच, विहिरीचा, मामाजींचा, आमच्या ह्यांचा, ज्या सरकारने नंबर टाकला त्याचा. त्या रागातच कळा काढल्या.

दाई म्हणाली, "पानी तापत ठेवा." पाणी कुठं होतं? एवढी बायामाणसं अंगणात, कोणाच्या गुंडात घोट नाही. काही बाया माझे हातपाय धरून, बाकीच्या नदीवर निघायच्या तयारीत. तेवढ्यात बाहेर मामाजींचा आवाज आला, "तुमी सरा. तिच्याजवळ थांबा. मी जातो."

आमच्या गावात बाप्या माणसाने घरासाठी नदीवरून पाणी आणलेलं कोणी पाहिलं नव्हतं. गुंड डोक्यावर घेणं तर त्यांना जमलं नसतं. बैलाच्या पेंडीचे दोन डबे त्यांनी बांबूला बांधले आणि कावड करून भर दुपारी निघाले. आत्याबाई खाटेवरून ओरडत होत्या, "चप्पल तरी घाला!" ती घालायचं त्यांना सुचलं नाही.

किती वेळ गेला मला काय माहीत! परत आले तेव्हा आवाजावरूनच कळलं, धाप लागली होती. डबे उंबऱ्याशी टेकवले. वाटेत सांडून सांडून दोन्ही मिळून अर्धा डबाभर उरलं असेल, त्यातही वाळू. दाराबाहेर उभे राहून त्यांनी विचारलं, कोणाला ते नाव घेतलं नाही, पण मला कळलं मला विचारताहेत.

"पुरन का एवढं?"

दाईने तोंड उघडायच्या आत मी आतून ओरडले, "नाई पुरत! आखीन एक खेप करा!"

बाया चपापल्या. सासऱ्याला कोणी असं सांगतं? बाहेरून मामाजी म्हणाले, "बरं बाई." डबे उचलल्याचा आवाज आला, आणि शेजारीण खिडकीतून पाहून म्हणाली, "चालले वं खरंच."

माझी मुलगी जन्मली तेव्हा ते घरी नव्हते. पोरं सांगायला नदीवर धावली. आजोबा झिऱ्याच्या काठावर, तापल्या वाळूत, पाय पोटाशी घेऊन बसले होते. बातमी ऐकली आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं. खड्डा भरला नाई अजून."